छापील बाजू खाली

छापखान्यातले दादा तीस वर्षं खोकी छापत आले आणि तीस वर्षं छपाईत बिघडलेले कागद घरी आणत आले. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, ते फळ्यांवर डब्यांखाली अंथरायच्या. टाकाऊ कागद, कोण विचारतंय!

मागच्या महिन्यात एका साबण कंपनीच्या नव्या खोक्याचं काम आलं. साबण बाजारात येईपर्यंत अवाक्षर बाहेर काढायचं नाही, असा गोपनीयतेचा करार होता. दादांनी न वाचताच सही ठोकली. "मी काय दवंडी पिटणार आहे?"

सोमवारी मालकीणबाईंनी सगळ्यांना बसवून करार वाचून दाखवला. "गुपित म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. बिघडलेला कागदही आवाराबाहेर जाता कामा नये. गेलाच, तर कळल्याबरोबर सांगायचं."

शनिवारीच दादांनी याच खोक्याचे आठ कागद घरी नेले होते. त्यात आज जेवायला मेहुणा येणार होता, तो दुसऱ्या साबण कंपनीचा विक्रेता!

गुपचूप जाळून टाकावेत, असं क्षणभर मनात आलं. पण पुढे कुठून कळलं आणि कंपनीनं काम काढून घेतलं, तर छापखान्याचं कंबरडंच मोडलं असतं. दादा बाईंपुढे उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले. बाईंनी कपाळाला हात लावला. "आधी घरी जा. आठही कागद मोजून आणा."

घरी मेहुणा स्वयंपाकघरातच ठाण मांडून बसलेला. "काय भावजी, भूत बघितलंत की काय?"

"तू आधी हातपाय धुऊन ये," म्हणत दादांनी त्याला पिटाळलं आणि भराभर डबे उतरवले. बघतात तर कागद पांढरेफटक!

"अगं, छपाई कुठंय?"

"खालच्या बाजूला. ती ओल्या केसांची बाई देवासमोर उघडी कशाला ठेवू? लाज नको?"

दादांनी देवाला हात जोडले. देवानंच राखलं म्हणायचं.

आठही कागद परत गेले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी सगळं लिहून घेतलं. "लगेच सांगितलंत म्हणून निभावलं," ते म्हणाले. काम छापखान्याकडेच राहिलं. मात्र चित्र वहिनींनीही पाहिलं होतं, म्हणून त्यांच्यासाठीही करार घरी आला.

वहिनींनी चष्मा लावून ओळ न ओळ वाचली. "माझ्या भावालाही सांगायचं नाही?"

"त्याला तर मुळीच नाही!"

मग त्यांनी सही केली. "अशी करतात सही. आधी वाचून."

"शिकलो हो बाई," दादा म्हणाले आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले.