आत कोणाला न्यायचं

माझी पहिली मुलगी बहरीनमध्ये झाली तेव्हा मी अकरा तास एकटी होते. नवरा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसला होता. पुरुषांना लेबर वॉर्डच्या दाराच्या आत येऊ द्यायचे नाहीत, त्यामुळे त्याचा इलाज नव्हता, हे मला कळतं. पण तो गाडीत झोपला होता आणि जागा झाल्यावर त्याने शावर्मा खाल्ला, हेही मला कळलं होतं, कारण बाळाला बघायला आला तेव्हा त्याच्या शर्टाला लसणाचा वास येत होता. आत मी तीन वेळा पाणी मागितलं. एक सिस्टर म्हणाली, "सगळ्यांना दुखतं, तू काही स्पेशल नाहीस." टाके घालताना मी ओरडले तर तिने माझा गुडघा दाबून धरला. त्या गुडघ्यावरचा हात मी पुढची चार वर्षं नवऱ्याला रोज थोडाथोडा ऐकवत राहिले.

त्या वर्षीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा सासूला सांगितलं. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. सासू भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाईमाणसाने एवढा गाजावाजा करायचा नसतो. मी पाच जणं काढली, माझा हात कोणी धरला नव्हता."

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं.

दुसऱ्या वेळी दिवस गेले ते बहरीनमध्येच, सनाबिसच्या फ्लॅटमध्ये. नवरा एसीच्या कंपनीत फोरमन होता, मी मनामात एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात टायपिंग करायचे. नवऱ्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "या वेळी मी एकटी आत जाणार नाही." त्याने मान हलवली. मला वाटलं ऐकलं. दोन महिन्यांनी तो ऑफिसातून आला आणि म्हणाला, "आईचा व्हिजिट व्हिसा झाला. आता तुझी काळजी मिटली." मला विचारलंही नव्हतं. तो इतका खूश होता की मी त्या क्षणी काही बोलले नाही. नंतर मात्र भरपूर बोलले.

सगळ्या जिला खाला म्हणायच्या त्या बाईबद्दल मला बिल्डिंगमधल्या बायकांकडून कळलं. ती महाडकडची, कोकणी मुसलमान. गावी एका प्रसूतिगृहात चौदा वर्षं आया होती. बहरीनला आली ती बुदैयाच्या एका व्हिलात, एका इंग्रज बाईकडे घरकामाला. ती इंग्रज बाई गरोदर गोऱ्या बायकांचे वर्ग घ्यायची आणि कळा सुरू झाल्या की त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात जाऊन शेवटपर्यंत थांबायची. या कामाला ती 'डूला' म्हणायची. एकदा तिची हिंदुस्थानी गिऱ्हाईक बाई आत रडायला लागली आणि इंग्रजी विसरली, तेव्हा मालकिणीने खालाला बोलावून घेतलं. तेव्हापासून आपल्याकडच्या बायका खालालाच सांगायला लागल्या.

मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा आम्ही तपासणी करून गाडीने परत येत होतो.

"डोला?" तो म्हणाला. "मोहरमचा?"

"डूला. बाळंतपणात बरोबर थांबते ती बाई."

"म्हणजे नर्स?"

"नर्स नाही. फक्त थांबते."

"नुसतं थांबायला माणूस भाड्याने आणायचा? आणि आई कशाला येतेय?"

"ते तुम्ही आईला विचारा. मी बोलावलेलं नाही."

"तू तिचा अपमान करतेयस."

"मग आईला घेऊन तुम्हीच बाळंत व्हा."

त्याने गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. उन्हाने डांबर मऊ पडलं होतं. पाच-सात मिनिटांनी तो गाडी चालू करून घरी आला आणि आठवडाभर माझ्याशी फक्त मुलीच्या शाळेच्या बसबद्दल बोलला.

सासू आठव्या महिन्यात आली. तिच्या बॅगेत डिंक, आळीव, खारका, बाळंतशोप, दोन जुन्या नऊवारींचे फाडून शिवलेले लंगोट. सगळं माझ्यासाठी, हे मी तेव्हाही नाकारलं नाही. पण आल्या दिवसापासून तिने माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मी टायपिंग करून आले की म्हणायची, "खुर्चीवर बसून पोर उलटं फिरतं." मी पंख्याखाली आडवी झाले की म्हणायची, "आडवं पडून कळा येत नाहीत." मी नुसता दरवाजा जरा जोरात लावायचे.

एका शुक्रवारी दुपारी मी खालाला घरी बोलावलं. तोपर्यंत माझं काही ठरलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. मला फक्त बघायचं होतं.

ती जाड, उंच, काळ्या बुरख्यात घामाने भिजलेली बाई. बसायच्या आधीच तिने माझ्या पायांकडे बघितलं. "सुजलेत. मीठ कमी कर." मग माझ्या मुलीची हनुवटी धरून तोंडात डोकावली. "दात किडलेत गो हिचे. चॉकलेटं कोण देतंय?" मला ती तिथेच आवडली नाही. घरात आधीच एक माणूस मला सुधारायला बसलं होतं.

"तुम्ही आत नक्की करता काय?" मी जरा कडकच विचारलं.

"काय नाय. थांबते."

"तेवढंच?"

"डॉक्टरचं काम डॉक्टर करतो, सिस्टरचं सिस्टर. मी कंबर दाबते, पाणी पाजते, घाण झाली तर पुसते. तू ओरडलीस तर ओरडू देते. आनि कोणी जा म्हटलं तर जात नाय."

सासू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. दोघींची बोली जवळजवळ सारखीच, त्यामुळे एकीचा टोमणा दुसरीला शब्दाशब्दाने कळत होता. सासू आत गेली आणि चहा घेऊन आली. मला आणि स्वतःला रोजच्या स्टीलच्या पेल्यांत. खालाला, मुलीच्या वाढदिवसातून उरलेल्या कागदी ग्लासात.

खालाने ग्लासाकडे बघितलं, मग सासूकडे. चहा पूर्ण प्यायली. ग्लास चुरगळून मुठीत ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या वाडीत अजून असंच हाय वाटतं."

"आमच्या वाडीत भाड्याच्या बाया आणून बाळंत होत नाहीत," सासू म्हणाली.

मी त्याच क्षणी ठरवलं. "खाला, तारीख पुढच्या महिन्यातली आहे," मी म्हटलं, "तुमचा नंबर लिहून द्या." मला आज हे सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी मी खालाकडे बघतही नव्हते. मी सासूच्या चेहऱ्याकडे बघत होते.

त्या संध्याकाळी नवरा आणि सासू गच्चीवर बराच वेळ बोलत बसले. खाली आल्यावर नवरा म्हणाला, "ती बाई आली तर आई परत जाईन म्हणते."

"तिकीट तुम्ही काढलंय. तुम्ही ठरवा," मी म्हटलं. सासू गेली नाही. राहिली, आणि माझ्याशी बोलणं कमी केलं.

कळा एका मंगळवारी सकाळी सुरू झाल्या. नवरा रिफाला एका व्हिलाच्या कामावर गेला होता आणि मुलगी शाळेत. फोन हॉलमध्ये होता आणि सासू तिथेच तांदूळ निवडत बसली होती. मी पहिला फोन खालाला केला. मग नवऱ्याच्या पेजरवर निरोप ठेवला. सासूने क्रम बघितला. तिने ताट बाजूला ठेवलं, हात धुतले, तयार करून ठेवलेली पिशवी उचलली आणि चपला घालून दारात उभी राहिली. पिशवीत तुपाची बाटली, थर्मास, लंगोट.

वॉर्डच्या दारात आम्ही चौघं जमलो. मल्याळी सिस्टर म्हणाली, "ओन्ली वन लेडी. कौन?"

सासूने पिशवी पुढे केली होती. खाला भिंतीला टेकून उभी होती, तिने डोळे माझ्यावर ठेवले होते पण चेहऱ्यावर काही नव्हतं. नवरा हळूच म्हणाला, "नीट विचार कर."

"चार वर्षं केलाय," मी म्हटलं आणि खालाकडे बोट केलं.

सासू मुलाकडे वळली. "बघितलंस? घरचं माणूस दाराबाहेर." मग पिशवी त्याच्या हातात देऊन बाकावर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

आत खाला गोड वगैरे काही वागली नाही. मी पलंगावर कळवळत होते तर म्हणाली, "ऊठ. चाल." मी नाही म्हटलं तर तिने काखेत हात घालून उठवलं. तिच्या मुठी माझ्या कमरेत रुतायच्या आणि कळ ओसरेपर्यंत निघायच्या नाहीत. मी तिला शिव्या दिल्या. मराठीत, हिंदीत, आणि ऑफिसात ड्रायव्हर लोकांकडून ऐकलेल्या अरबीतही. "निघून जा इथून," मी म्हटलं.

"नाय जायची. दे अजून शिव्या."

सिस्टरने तिला एकदा बाहेर बसायला सांगितलं. खाला म्हणाली, "बाहेर मफी," म्हणजे अरबीत 'नाही', आणि माझ्या उशाशी जाऊन उभी राहिली. त्यांची चांगलीच जुंपली. मी मधे पडलेली, दोघी माझ्या डोक्यावरून भांडतायत, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की या खोलीत माझ्या बाजूचं कोणीतरी आहे. ते वाटणं मायेचं नव्हतं. भांडणात आपल्या बाजूला एक माणूस जास्त असावं, तसलं होतं.

मुलगा दुपारी झाला. त्याला पुसून, गुंडाळून बाहेर दाखवायला नेलं. सिस्टर लोकांची ड्यूटी बदलत होती, खोलीत खाला आणि मी. मला खूप झोप येत होती आणि बरं वाटत होतं. इतकं बरं की मी हसून काहीतरी म्हणालेही. खालाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चादर वर केली. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. ती पॅसेजमध्ये धावली. तिचा आवाज, तिन्ही भाषांत. मग खूप पावलं, पोटावर कोणाचा तरी जोराचा दाब, हातात सुई, लटकवलेली रक्ताची पिशवी.

डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या की रक्त जातंय हे वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं, आणखी पंधरा मिनिटांनी अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने हे सासूला माझ्यासमोर सांगितलं. तो रडवेला झाला होता. सासूच्या मांडीवर मुलगा होता. ती त्याच्याकडेच बघत म्हणाली, "मी आत असते तर मलाही दिसलं असतं."

"तुम्ही नातवाच्या मागे बाहेर गेला असता," मी म्हटलं.

तिने मान वर केली. इतक्या दिवसांत तिने माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं. मी म्हटलं ते खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. पाच बाळंतपणं काढलेली बाई. तिला रक्त कळलं नसतं असं मी कशावरून म्हणाले? मला फक्त लागेल असं काहीतरी म्हणायचं होतं, आणि ते लागलं.

घरी आल्यावर तिने बाळाला रोज न्हाऊ घातलं. माझ्यासाठी डिंकाचे लाडू केले, शेक दिला, माझी पाठ चोळली. एक शब्द न बोलता. जेवण वाढलं की मुलीला सांगायची, "आईला म्हणावं जेव." मुलगी केजीत जायची, तिला मराठी कळायचं पण तोंडात इंग्रजी. ती माझ्या दारात येऊन म्हणायची, "आज्जी सेज ईट." मी म्हणायचे, "आज्जीला सांग, जेवते." मुलगी परत जाऊन म्हणायची, "ओके शी विल ईट." असे आमचे पाच आठवडे गेले.

खाला सातव्या दिवशी बाळाला बघायला आली. सासू आतल्या खोलीत जाऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं. मी खालाला स्टीलच्या पेल्यात चहा दिला. जरा दाखवूनच दिला. तिने पेला तसाच खाली ठेवला.

"एक बोलू?" ती म्हणाली. "तू मला घेतलंस ते सासूच्या टाळक्यात हाणायला."

मी म्हटलं, "तसं नाही खाला."

"तसंच. त्या दिवशी तू माझा नंबर घेतलास तेव्हा तिच्याकडे बघत होतीस. मी काम चोख करते, कोणासाठी पन करते. पन मी काठी नाय कोणाची."

तिने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याच्या नाळेकडे बघून "कोरडी ठेव" म्हणाली आणि गेली. चहाला तिने हात लावला नाही. मला तिचा भयंकर राग आला. जिने जीव वाचवला तिचा राग येतो का माणसाला? मला आला, आणि बरेच दिवस राहिला.

सासूचा व्हिसा संपायच्या आदल्या आठवड्यात ती परत गेली. विमानतळावर तिने नातवाचा मुका घेतला, नातीला जवळ घेतलं, मुलाला कमी तिखट खा म्हणून सांगितलं. शेवटी माझ्याकडे बघून पहिल्यांदा थेट विचारलं, "टाके भरले का?"

"हो."

"बरं," म्हणाली आणि आत गेली.

परत येताना नवऱ्याने विचारलं, "एकदा सॉरी म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "तुम्ही कोणाला म्हणालात?" त्याने रेडिओ लावला.

पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावरची एक नवी मुलगी मला विचारायला आली. पहिलटकरीण, आई यायची नव्हती, सासू येणार होती. अशी बाई घ्यावी का, तुम्ही घेतली होती ना, असं म्हणाली. मी तिला खालाचा नंबर दिला. "घे," म्हटलं, "पण सासूला ती यायच्या आधी सांग, आणि खाला तुला आवडेल अशी अपेक्षा ठेवू नकोस."

ती घाबरून म्हणाली, "मग घ्यायची कशाला?"

"कारण ती बाहेर जात नाही," मी म्हटलं आणि दार लावलं.