निळ्या नांगराचा पाळक

शनिवारी दुपारी मी प्रभुभोजनाच्या टेबलावरचं पांढरं कापड इस्त्री करत होते. निम्मं झालं असेल, तेवढ्यात यजमानांचा, विवेकचा, फोन आला. "अप्पांना घेऊन खाली ये. बिदादरीत कबर सापडली." इस्त्रीचा प्लग काढला, कापड तसंच टाकलं आणि निघाले.

बिदादरी म्हणजे इथलं, सिंगापुरातलं, जुनं कबरस्तान. तिथल्या कबरी हलवायचं काम निघालं होतं आणि ज्यांचं कुणी तिथे असेल त्यांनी नाव नोंदवा, असं पेपरात आलं होतं. आमचं माणूस होतं. माझ्या सासऱ्यांच्या, अप्पांच्या, आजीचे वडील. थॉमस गारलंड, अस्सल इंग्रज.

अप्पा नगरला हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे बिशानला आले. रोज सकाळी बिल्डिंगखाली चिनी म्हाताऱ्यांच्या बाकावर जाऊन बसतात, आणि त्यांना सांगून झालेली गोष्ट पुन्हा सांगतात, "माय ग्रेट ग्रँडफादर, पास्टर, हिअर, सिंगापूर." ते बिचारे माना हलवतात.

गोष्ट अशी. थॉमस इंग्लंडहून रेल्वेच्या कामावर नगरकडे आला, मिशनमधल्या मुलीशी लग्न केलं, एक मुलगी झाली. मग जास्त पगारासाठी सिंगापूरला गेला तो परतलाच नाही. पुढे तो वारल्याची बातमी मिशनच्या मडमेने घरी येऊन सांगितली. ती इंग्रजीत बोलली, सोबतच्या बायबलबाईने, घरोघरी बायबल शिकवणाऱ्या बाईने, मराठीत सांगितलं, "तो तिकडे पाळक होता." आमच्यात पाळक म्हणजे मंडळी सांभाळणारा, उपदेश करणारा. टाकून गेलेला बाप एका शब्दाने देवमाणूस झाला. त्या शब्दावर तीन पिढ्या ताठ मानेने जगल्या.

नुसत्या ताठ मानेने जगल्या असत्या तर ठीक होतं. आमची मराठी उपासना महिन्यातून एकदा तोआ पायोहच्या एका हॉलमध्ये असते. गेल्या नाताळात शास्त्रपाठ कुणी वाचायचा यावर बोलणं चाललं होतं. मंडळीतल्या संजीवनीबाई म्हणाल्या, मी वाचते. अप्पा चहा पिता पिता सगळ्यांसमोर म्हणाले, "वाचा की. पण तुमचे लोक दुष्काळात आले, भाकरीचे ख्रिस्ती. आमच्याकडे विश्वास रक्तातून आलाय." संजीवनीबाईंनी कप खाली ठेवला, पर्स उचलली आणि गेल्या. त्यानंतर उपासनेला आल्या नाहीत. मी किटली धरून तिथेच उभी होते. एक शब्द बोलले नाही. खरं सांगायचं तर आतून बरं वाटलं होतं.

आणि या रविवारी 'पाळक थॉमस गारलंड यांच्या स्मरणार्थ' खास उपासना ठरली होती. पत्रिका मीच टाइप केली.

बिदादरीत गवत कापून दगड मोकळा केला होता. विवेकने पाण्याची बाटली ओतून हाताने शेवाळ घासलं आणि मोठ्याने वाचू लागला. नाव बरोबर. पुढे इंग्रजीत होतं, ब्लू अँकर, म्हणजे निळा नांगर, टॅव्हर्नचा कीपर. खाली, मित्रांनी आठवणीने उभारला. क्रूस नाही. वचन नाही.

"टॅव्हर्न म्हणजे?" मी विचारलं.

"गुत्ता," अप्पा म्हणाले.

घरी आल्यावर आमची मीनल, वय वर्षं चौदा, हसून हसून सोफ्यावर पडली. "सो ही वॉज अ बार अंकल, लाह! आजोबा, दॅट्स सो कूल!"

"मीनल, आत जा," मी म्हटलं.

विवेक अप्पांजवळ बसला. "उद्या पाळक होते एवढंच बोला. खोटं कुठे आहे? कीपर म्हणजे पाळकच. बिदादरीत कोण बघायला जाणार आहे?"

"तेच तर," अप्पा म्हणाले. "तेच मी आयुष्यभर केलं. आजी सांगायची, मडम 'कीपर' म्हणाली होती. बायबलबाईला शब्द सुचला नसेल, किंवा बायकोपोरीची दया आली असेल. पण मी इंग्रजीचा मास्तर रे. पोरांना वाक्यात उपयोग करायला लावायचो. गेटकीपर, शॉपकीपर. पास्टरला कीपर म्हणत नाहीत हे मला कळत नव्हतं?"

ते जेवले नाहीत. मीही त्यांना आग्रह केला नाही.

रविवारी ते उपासनेत बोलायला उभे राहिले. "मंडळी, पत्रिकेत छापलंय ते खोटं आहे. थॉमस गारलंड पाळक नव्हता. त्याचा दारूचा गुत्ता होता. आणि मला याचा संशय लहानपणापासून होता."

मागून कुणीतरी म्हणालं, "गुत्ता बरा चालायचा ना, मास्तर?" हॉल हसला. अप्पा थांबून राहिले.

"नाताळात मी एका बहिणीला भाकरीची ख्रिस्ती म्हणालो. त्या बहिणीची मी माफी मागतो." एवढं बोलून ते बसले.

नंतर सगळ्यांनी त्यांना गराडा घातला. मोठं मन लागतं मास्तर, या वयात एवढं धाडस. कुणी त्यांच्या पाया पडलं. मला वाटलं, सुटलो. पण एमआरटीच्या गाडीत अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले. बिशान आलं तेव्हा म्हणाले, "जिला सांगायचं ती नव्हती. जे होते त्यांनी शाबासकी दिली, आणि मी घेतली. हेसुद्धा मिरवणंच झालं, सूनबाई."

मी म्हटलं, "फोन लावू का त्यांना?"

"फोनवर नको."

घरी येऊन मी संजीवनीबाईंना फोन करून फक्त एवढंच विचारलं, आम्ही दोघं आलो तर चालेल का. त्यांच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं.

"हॉलमध्ये झाली ना माफी?" त्या म्हणाल्या. "टाळ्याही पडल्या म्हणे."

मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी किटली माझ्या हातात होती. मीही गप्प राहिले."

"माहीत आहे. तुझ्याकडेच बघितलं होतं मी." मग म्हणाल्या, "या. पण चहा ठेवणार नाही, आधीच सांगते."

उद्या सकाळी अप्पांना घेऊन चोआ चू कांगला संजीवनीबाईंकडे जायचं आहे.