आधी दत्ताचं रक्त काढा

सुमे, फोनवर का होईना, जरा जवळ ये. रक्त तपासून घे म्हणून चारदा सांगितलं, तर तुझं आपलं एकच, "आत्या, मी काडीसारखी, मला काय धाड भरलीय?" तुला चांगलं झापावंसं वाटतंय, पण आधी एक ऐक.

वडवणीच्या लॅबमध्ये मी रक्त काढायची, तेव्हाचं हे. कॉलेज नाही, डॉक्टरांच्या हाताखालीच शिकले. एका सकाळी ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे एक मुकादम आले. पोट पुढं, माणूस मागं. डॉक्टरांनी त्यांना लिपिड प्रोफाइल सांगितलेलं. म्हणजे रक्तात चरबी कोणती, किती, ते बघायचं. त्यातलं एलडीएल वाईट. पाइपात क्षार बसावा तसं ते रक्तवाहिनीत थर धरतं.

संगं टोळीतला दत्ता होता. तिशीचा, वाळल्या शेंगेसारखा. सुई बघून मुकादमांना घाम फुटला.

"आधी दत्ताचं काढा. वाघावानी गडी हाय. मला बी धीर येईल."

काढलं. काढलंच आहे तर तपासलंही.

मशीनचे आकडे मी दोनदा बघितले. मुकादमांचं रक्त बरं. दत्ताचं एलडीएल मात्र असायला पाहिजे त्याच्या दुपटीहून जास्त. दोघांच्या रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली असणार, दुसरं काय? डॉक्टरांनाही तेच वाटलं.

"मावशी, लेबल कुणी लावलं?"

"मीच, सर."

"परत सॅम्पल घ्या."

मुकादम हसले. "माझं पाप त्याच्या नावावर लिवलं व्हय? उरका लवकर, परवा गाडी निघायचीय."

या वेळी दत्ताला एकट्यालाच आत घेतलं. त्याच्यासमोर नळीवर नाव लिहिलं. आकडा तोच आला.

डॉक्टरांनी विचारलं, "वडील आहेत?"

"न्हाईत. उसाच्या फडात मोळी उचलताना पडले ते पडलेच. माझ्याच वयाचे होते. बाहेरचं लागलं म्हणत्यात. चुलता बी तसाच गेला."

मुकादमांचं हसू गेलं. दत्ताचा बाप त्यांच्याच टोळीत होता. त्यांनीच त्याचं प्रेत ट्रॅक्टरमधून गावी आणलं होतं.

काही घरांत हे जन्मापासूनच रक्तात उतरतं, डॉक्टर म्हणाले. जाड-बारीक बघत नाही. रक्त फक्त धोका सांगतं. हृदयाची नळी किती भरली ते बघायला बीडला जावं लागेल.

"आन् कोयता? तोडीला जायचंय की," दत्ता म्हणाला.

"गाडी तुझ्याबिगर जाईल," मुकादम म्हणाले. "पुन्ना तसं गावाला यायचं माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

बीडला कळलं, हृदयाची एक नळी जवळजवळ बंद. आणि हा गडी म्हणायचा, दम लागतोय तो उसाच्या पाचटाच्या धुळीनं. नळी उघडली, गोळ्या सुरू झाल्या. मग त्याच्या पोरीचं रक्त बघितलं. तिच्यातही निघालं. पण तिचं वेळेत कळलं.

रक्त कंबर मोजत नाही, सुमे. तुझा बाप, माझा भाऊ, कुठं जाड होता? तोही असाच अचानक गेला ना?

रविवारी ये. काही न खाता ये. आधी लॅबमध्ये जाऊ, मग भाकरी माझ्याकडं.