कांदा चिरणारी सून

ती सोमवारची सकाळ मी विसरलेले नाही. पोलीस ठाण्यात मुद्देमालाची खोली आवरायला घेतली होती. तेवढ्यात दवाखान्यातल्या पोलीस चौकीतून फोन आला. पुंडलिकनगरातली एक सून अंथरुणातून उठलीच नव्हती. हातपाय लुळे, विषबाधेचा संशय.

लासूर स्टेशनहून आलेला तिचा भाऊ वॉर्डाच्या दारातच भेटला. "सासूनंच घातलंय काहीतरी, मॅडम. हिचं जेवण ती येगळं काढती. वडील गेले तवा हिच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. दगड करून टाकलं माझ्या बहिणीला!"

सून शुद्धीवर होती. "आत्याबाईंनी काही केलं नाही," ती सासूबद्दल म्हणाली. भाऊ म्हणाला, भीतीनं बोलते. असंही असतं. मी जबाब नोंदवला, घरातल्या अन्नाचे नमुने सीलबंद केले आणि सासूला ठाण्यात बोलावलं.

बाई ताठ बसली.

"सुनेचं जेवण वेगळं का काढता?"

"तिला कोरडा घास उतरत नाय. भाकर दुधात कुस्करून ठेवते."

"भाऊ म्हणतो, तुम्ही तिला दगड केलंत."

"दगड? वाघीण हाय ती! लग्नात गोणीभर कांदा एकटी चिरती. आम्ही समद्या नाक पुसतो, हिच्या डोळ्याला पाणी नाय. जावा जळत्यात माझ्यावर!"

संशयित म्हणून बसवलेली सासू सुनेची फुशारकी मारताना मी पहिल्यांदाच पाहिली. पण माझं लक्ष कांद्यावर अडकलं. वडील गेले तरी डोळे कोरडे, कांद्यानंही कोरडे, तोंडही कोरडं. हे मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं. रक्तातलं पोटॅशियम फार उतरल्याचं त्यांना कळलं होतं, कारण कळत नव्हतं.

पोटॅशियम दिल्यावर संध्याकाळी हातपाय हलू लागले. कारण पक्कं व्हायला आठवडा गेला. शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटली होती. त्याच प्रतिकारशक्तीने मूत्रपिंडंही बिघडवली होती, म्हणून पोटॅशियम लघवीवाटे निघून जात होतं. विष कुठेच नव्हतं.

हे सांगायला मी वॉर्डात गेले. भाऊ उठला आणि त्याने सासूला स्टूल दिलं.

"तूच बस," ती म्हणाली. "तोंड उतरलंय तुझं." मग सुनेकडे वळली. "आन् तू, आता कांद्याला हात लावशील तर बघ!"

न रडणाऱ्या माणसाला कोणी दगड म्हणतं, कोणी वाघीण. आजारी कोणी म्हणत नाही. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत, जबाब देताना कोण रडलं आणि कोण नाही, याला मी वजन दिलं नाही.

वॉर्डातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला. डोळे झोंबले, नाक वाहू लागलं. मनगटाने पुसलं, पोहे खाल्ले आणि अर्धी राहिलेली मुद्देमालाची खोली आवरायला ठाण्यात गेले.