कपाखालचा नवा भात

साच्यात ओतलेला रेझिनचा कोस्टर, म्हणजे कपाखालची पारदर्शक चकती, घट्ट व्हायला चोवीस तास लागतात, किस्सा घडायला दोन मिनिटं पुरतात! जव्हारला घरच्या ओट्यावर हा उद्योग थाटल्यापासून माझ्याकडे कोस्टर थोडे आणि किस्सेच जास्त जमलेत.

*

पहिला सेट नवऱ्याला कौतुकाने दाखवला. म्हटलं, "गरम कपाखाली ठेवायचा."

साहेबांनी त्यावर गॅसवरून उतरवलेला कुकर ठेवला! कोस्टर कुकरच्या बुडाला चिकटला तो चिकटलाच.

"गरम चालतं म्हणालीस ना?" वर मलाच!

*

पावसाळ्यात आमच्याकडे हवा इतकी दमट, की रेझिन दोन-दोन दिवस चिकट राहतं. एका कोस्टरवर माशी बसली आणि कायमची राहिली. मी तो लपवत होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनींनी ओढून घेतला.

"अय्या, किती खरी वाटते! बाकीच्या पाचांवर पण बसवून द्या ना!"

*

खोडाळ्याच्या बाजारात स्टॉल लावला. एक मावशी अर्धा तास कोस्टर निरखत होती.

"हा कुठं ठेवायचा?"

"टेबलावर."

"मंग टेबल दाव की!"

*

आणि मग पहिली मोठी ऑर्डर आली. इथल्या शाळेतले गुरुजी निवृत्त होणार होते. शाळेला त्यांना भेट द्यायला सहा कोस्टर हवे होते, आत हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताच्या लोंब्या. गुरुजींना आवडले तर बाकीच्या शाळांचीही कामं मिळणार होती. नाहीतर ओटा रिकामा करायचा, असं घरात ठरलेलं.

जामसरहून ताज्या लोंब्या आणल्या, वाळवल्या, सकाळी रेझिन ओतलं आणि भाजी आणायला गेले.

परत येते तर सासूबाई ओट्यापुढे हात जोडून उभ्या. सहाही ओल्या कोस्टरवर हळदकुंकू!

"आई, हे काय केलंत?"

"नवा भात देवाला दावला नाय, पुजला नाय, आन तू त्यावर चहा ठेवणार?"

मला रडूच कोसळलं. हळदकुंकू रेझिनमध्ये पक्कं रुतलं होतं. निरोप समारंभ दुसऱ्याच दिवशी. दुसरा सेट करायला वेळ नव्हता, तोच खोक्यात भरला.

समारंभात गुरुजींनी खोकं उघडलं. एक कोस्टर हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मी मान खाली घालून बसले.

मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या, कोस्टर कपाळाला लावला आणि सहाही ओळीने टेबलावर मांडले. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला आणि कप ठेवायला वाकला.

"अरं थांब!" गुरुजी केवढ्याने ओरडले. "त्याच्यावर नको ठेवू! माझ्या हातात दे."