कंपनीच्याच नंबरवरून आलेला फोन

कुरुळीजवळच्या आमच्या कारखान्यातले फोन आणि कॉम्प्युटर मी सांभाळतो. जुने फोन काढून इंटरनेटवर चालणारे बसवले, तेव्हा सगळ्यांना एकच पासवर्ड दिला होता, एक-दोन-तीन-चार. बदलू या, असं मी साहेबांना दोनदा म्हटलं.

"अहो, आपण पत्रे ठोकणारी माणसं. आपल्या फोनमध्ये शिरून कुणाला काय मिळणार?" ते हसले. मीही नाद सोडला.

एका दुपारी गेटवर एक बाई आली. कडेवर लेकरू, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. प्रेसवर काम करणाऱ्या एकाची बायको, लातूरकडची.

"लेकराच्या पप्पाचा हात मशीनीत गेला म्हणले हो! कुठंयत ते?"

फोन आला तेव्हा मोबाइलवर कंपनीचाच नंबर दिसला, म्हणून तिनं विश्वास ठेवला होता. दवाखान्यात भरती करायला ओटीपी लागतो म्हणाले, तर तोही वाचून दाखवला होता. मग पिंपरीच्या दवाखान्यात वॉर्ड न् वॉर्ड शोधून ती इथं आली होती.

नवरा आतून धावत आला, धडधाकट. तिनं त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि लेकरू त्याच्या कडेवर दिलं. बँकेतली शिल्लक गेल्याचं दोघांना नंतर कळलं.

मी फोनच्या नोंदी उघडल्या. बाहेरून कुणीतरी आमच्या सिस्टिममध्ये शिरलं होतं. कामगारांच्या घरच्या नंबरांची यादी आतच होती. ती बघून, आमच्याच नंबरवरून, एकेका घरी फोन गेले होते.

"नोंदी पुसून टाका," साहेब म्हणाले. "अडाणी बाई. ओटीपी देतात का कुणी?" आणि त्यांनी चहा मागवला.

मला त्यांची किळस आली, आणि पासवर्डचा नाद सोडणाऱ्या माझीही.

नोंदी मी पुसल्या नाहीत. छापून नवऱ्याच्या हातात दिल्या आणि त्याच्यासोबत पोलिसांत गेलो. त्याच आठवड्यात सगळे पासवर्ड बदलले, बाहेरून आत येण्याची वाट बंद केली. घरोघरी निरोप दिला, अपघाताचा फोन आला तर ठेवून द्या आणि गेटवर उलटा फोन करून विचारा.

पैसे अजून मिळालेले नाहीत.

पुढच्या सुरक्षा सभेत साहेब माइकवर म्हणाले, "या बाबतीत आपली कंपनी पहिल्यापासून जागरूक आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रेसवरचा तो माणूस माझ्याकडे बघत होता. माझेही हात टाळ्या वाजवत होते.