अर्धा सूर खाली

पन्नाशी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. घरात म्हणत ते ठीक, पण ज्या चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती तिथले मालकही गिऱ्हाइकाला सांगत, "धाकटीकडे द्या, ती बसवेल." फ्रेमच्या मापानं काच घासायची, खाचेत बसवायची, कानामागे दांडी टोचत असेल तर गरम करून जराशी वाकवायची, हे तिचं काम. सुट्टीच्या दिवशी ती थोरल्या बहिणीच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायची.

बँड म्हणजे घरचाच कारभार. ताई गायची, ताईचा नवरा ड्रम्सवर आणि मुलगा कीबोर्डवर. कारखान्यांचे मेळावे, कुणाचा निरोपसमारंभ, हॉटेलातल्या मेजवान्या, असं काहीबाही वर्षभर चालू असे. व्यवहाराचं बोलणं ताई करायची, कोणत्या गाण्यामागून कोणतं हेही तीच ठरवायची. धाकटी मागे डावीकडे उभी असायची. तिनं लग्न केलं नव्हतं. कुणी विषय काढलाच तर "ताई सुट्टी देईल तेव्हा बघू," म्हणून वेळ मारून न्यायची.

गिटार जुनीच घेतलेली होती, बँडच्या पैशांतून. गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बोटानं तार दाबली की ती फ्रेटवर टेकते आणि तिथला सूर वाजतो. वर्षानुवर्षं तार तिथेच घासत राहिली की फ्रेटला खळगे पडतात. धाकटीच्या गिटारला ते पडले होते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. ताई सगळी गाणी एकाच पट्टीत गायची, पांढरी सहामध्ये, म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी सा धरून. त्यामुळे धाकटीची बोटं गिटारच्या ठरावीक जागांवरच फिरायची. दुसरा, पाचवा आणि सातवा फ्रेट पार खाल्ला गेला होता, आणि वरच्या सुरांचे फ्रेट दुकानातून आणल्यासारखे कोरे होते.

आता गिटार करकरायला लागली होती. एखादा सूर धरला की त्याच्यामागे बारीक पत्रा थरथरल्यासारखा आवाज यायचा. भाचा म्हणाला, "मावशी, स्पीकरमधून फार घाण ऐकू येतंय." मग ती गिटार घेऊन वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेली.

कारागीर पूर्वी खुर्च्या-टेबलं बनवायचा. आता एका गल्लीच्या टोकाला त्याची खोली होती. भिंतीवर गिटारच्या नुसत्याच माना टांगलेल्या, बाकावर कानशी, छोटे हातोडे, पॉलिशच्या बाटल्या. त्यानं एक लोखंडी पट्टी फ्रेटवर आडवी ठेवून उजेडात धरली आणि खालून डोकावून बघितलं.

"आधी कधी घासून घेतलेत?"

"दोनदा."

"मग आता घासायला उरलंय काय? सगळे काढून नवे बसवावे लागतील."

त्यानं खर्च सांगितला. गिटार ज्या किमतीला घेतली होती त्याच्या निम्म्याहून जास्त. धाकटीचा चेहरा बघून त्यानं फोड करून सांगितली. मान फिकट लाकडाची, वरून पॉलिश केलेली. फ्रेट उपटताना पॉलिशचे टवके उडणार, ते भरून पुन्हा चढवायचं. नवे फ्रेट उंच, म्हणून तारा जिथे टेकतात ती वरची हाडाची पट्टीही नवी करायची. फक्त झिजलेले तेवढेच बदलले तर स्वस्तात होईल, पण मग नवे उंच आणि जुने बुटके, ते एका पातळीत आणताना नव्यांचंच आयुष्य कापलं जाणार. फ्रेट ज्या जाड तारेचे कापतात ती साधी घेतली तर काही वर्षांनी पुन्हा हेच. स्टीलची घेतली तर जन्माची ददात मिटेल, पण ती महाग, आणि त्याच्या हत्यारांची धार खाते म्हणून मजुरीही जास्त.

"याच्यात थोडी भर घालून साधी नवी गिटार येईल," तो म्हणाला. "तेही सांगून ठेवतो. पण ही मान छान आहे. हाताला सवय असेल तर करा."

धाकटीनं ताईला विचारल्याशिवाय आजवर साधी केबलही घेतली नव्हती. ताईनं आकडा ऐकला आणि म्हणाली, "तुला बघून सांगितलं असेल. मी येते, बघते कसा कमी करत नाही ते."

धाकटीला नको होतं. पण नको का म्हणायचं, हे तिला सांगता येईना.

त्याचं कारण असं. दोन वर्षांपूर्वी ताईला खोकल्यानं धरलं होतं, आणि तो बरा झाल्यावरही वरचे सूर तिला जड जात होते. मान ताणून, डोळे मिटून ती तिथवर पोहोचायची. एका कार्यक्रमाआधी धाकटीनं गिटारच्या सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या आणि भाच्याला हळूच सांगितलं. त्याला कीबोर्डवर सूर उतरवायचं एक बटण दाबायचं होतं, ते त्यानं दाबलं. भाऊजींना सांगायची गरजच नव्हती, ड्रम्सना काय त्याचं. ताई गिटारचा सूर घेऊनच गाणं उचलायची, तिला काही कळलं नाही. त्या दिवशी ती मोकळ्या गळ्यानं गायली आणि घरी येताना म्हणाली, "गरम पाण्याच्या गुळण्यांनी फरक पडतो गं. बघ, आवाज कसा सुटलाय." पुढे भेटेल त्याला ती गुळण्या करायला सांगायची. धाकटीला वाटलं, दोनचार कार्यक्रम होऊ देत, मग सांगू. ते राहूनच गेलं, आणि गिटार तेव्हापासून अर्धा सूर खालीच राहिली.

ताई कारागिराच्या खोलीत शिरली ती भाव पाडायच्या तयारीनं. त्यानं गिटार बाकावर घेतली, तारा छेडल्या, सूर मोजायचं छोटं यंत्र लावून बघितलं.

"ही अर्धा सूर खाली लावलीय."

"प्रवासात उतरली असेल," ताई म्हणाली.

"एखादी उतरते, बाई. सहाच्या सहा सारख्या कशा उतरतील? ही लावलेलीच आहे." तो धाकटीकडे वळला. "तार सैल असली की जास्त हलते, म्हणून करकर वाढली. नवे फ्रेट बसवताना मला माहीत हवं, कुठल्या सुरावर बसवू? नेहमी अशीच वाजवता का?"

धाकटी गिटारच्या रिकाम्या पिशवीची घडी घालू लागली. ताईनं तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"मूळ सुरावर बसवा," ताई कारागिराला म्हणाली. "आणि ते स्टीलचंच घाला."

भाव करायला आलेली ताई एका शब्दानं घासाघीस न करता बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, "कधीपासून?"

"तुझ्या खोकल्यानंतर."

"आणि हा? माझा पोरगा?"

"त्याला सांगावंच लागलं. त्याला बटण दाबावं लागतं."

"म्हणजे माझ्याच घरात सगळ्यांना ठाऊक."

"भाऊजींना नाही."

"त्यांचं काय सांगतेस, ते नुसते बडवतात." धाकटीला हसू आलं, पण ताई हसत नव्हती. "मी लोकांना गुळण्या करायला सांगत फिरले गं. तू शेजारी उभी राहून ऐकत होतीस."

धाकटी म्हणाली, "तुला वाईट वाटेल म्हणून..."

"आता काय बरं वाटतंय?"

त्यानंतर गिटार परत येईपर्यंत ताई तिच्याशी कामापुरतंच बोलली. भाच्यालाही घरात बोलणी बसली असावीत, कारण तो मावशीच्या दुकानात येऊन काचेच्या पेटीवर कोपर टेकून बराच वेळ उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "आई रोज पांढरी सहा लावून रियाज करतेय. दार बंद करून."

"जमतंय?"

"कधी जमतंय. कधी नाही."

गिटार आली तेव्हा ओळखू येत नव्हती. फ्रेट आरशासारखे चकचकीत, बोट तारेवरून लोण्यावरून फिरावं तसं फिरत होतं. तरी पहिले काही दिवस धाकटीचे सूर थोडे चढेच लागत होते. खळग्यांवर वाजवून वाजवून तिला तार जोरात दाबायची सवय लागली होती, आणि उंच फ्रेटवर तेवढा जोर दिला की तार ताणली जाऊन सूर वर सरकतो. कारागिरानं बजावलं होतं, नुसतं टेकवा, दाबू नका. रोज दुकानातून आली की ती तेवढंच करत बसायची.

पहिला कार्यक्रम एका कारखान्याच्या वार्षिक मेळाव्याचा होता. गिटार मूळ सुरात, कीबोर्डचं बटण बंद. पहिली दोन गाणी ताईनं धकवली, तिसरंही जमलं. चौथ्या गाण्यात वरच्या ओळीला तिचा आवाज फाटला. ती थांबली नाही; तीच ओळ खालच्या सप्तकात घेऊन तिनं गाणं पुरं केलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. समोर बसलेल्यांना बहुधा काही कळलं नव्हतं. धाकटीनं भाच्याकडे पाहिलं, तो कीबोर्डकडे पाहत होता.

ताई पाणी प्यायली. मग माइक बाजूला धरून मागे वळली.

"उतरव."

"आत्ता? इथे?"

"आत्ताच."

"अर्धा?"

"पूर्ण सूर उतरव. अर्ध्यानं किती दिवस ढकलणार?"

स्टेजवर सहा तारा उतरवून जुळवायच्या म्हणजे वेळ जातो, आणि समोर माणसं खोळंबलेली. भाऊजींनी प्रसंग ओळखला आणि जे काही वाजवायला सुरुवात केली, ते वाजवतच राहिले. एवढा वेळ एकट्यानं वाजवायची संधी त्यांना जन्मात मिळाली नव्हती. धाकटीनं मान हलवून तयार असल्याचं सांगितलं तरी ते थांबेनात. शेवटी ताईलाच त्यांच्याकडे डोळे वटारावे लागले.

मग ताई गायली. पांढरी पाचमध्ये, भरल्या आवाजात, मान न ताणता. गिटार मात्र करकरत होती, नव्या फ्रेटसकट, कारण ती मूळ सुराच्या ताणावर बसवलेली होती आणि तारा आता ढिल्या पडल्या होत्या. धाकटीला शरम वाटत होती. पण गाणं चांगलं चाललं होतं, आणि तिनं नुसतं टेकवत वाजवलं.

पुढच्या आठवड्यात दोघी परत कारागिराकडे गेल्या. ताईनं स्वतःच सांगितलं, "माझा सूर उतरलाय. गिटार त्याप्रमाणे करून द्या." त्यानं जाड तारा चढवल्या, मानेचा बाक धरणारी आतली सळई फिरवली, हाडाच्या पट्टीतल्या खाचा रुंद केल्या. फ्रेटना हात लावावा लागला नाही. पैसे थोडेच घेतले, आणि ताईनं त्यातही घासाघीस केली.

आता बँड पांढरी पाचमध्येच वाजवतो. धाकटीची बोटं दुकानात काच घासताना आणि स्टेजवर तार धरताना सारखीच स्थिर असतात. दोघी बहिणी पूर्वीसारख्या बोलतात, भांडतात, एकमेकींच्या घरी जेवतात. फक्त ताईनं तारा जुळवायचं छोटं यंत्र स्वतःसाठी विकत घेतलं आहे. प्रत्येक कार्यक्रमाआधी ती मागे येते, यंत्र गिटारला लावते आणि सहाही तारा एकेक करून स्वतः तपासते. धाकटीला ते आवडत नाही. ती तोंड फिरवून उभी राहते, पण गिटार पुढे करते.